चौक, कागद आणि तागा

पनवेलच्या बाजारात सुती ड्रेस मटेरियल दाखवा म्हटलं की दुकानदार हटकून एक तागा काढतो. विटकरी, काळ्या किंवा गडद निळ्या जमिनीवर पांढरी माणसं. टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचं धड, गोल डोकं, बारीक रेघांचे हातपाय. मध्ये ताडाचं झाड, मोर, बैलगाडी आणि फेर धरून नाचणारी रांग. मीटरवर विकल्या जाणाऱ्या या कापडाला सगळे 'वारली प्रिंट' म्हणतात. त्याचे कुर्ते होतात, ब्लाउज होतात, पडदे आणि पिशव्याही होतात. महाराष्ट्रातल्या आदिवासींचं एवढं घरोघर पोचलेलं दुसरं चित्र नाही, आणि ज्याचा चित्रकार कोण हे कुणीच विचारत नाही असंही दुसरं चित्र नाही.

पनवेल तालुक्यातले आदिवासी मुख्यतः कातकरी आणि ठाकर. कापडाच्या रंगाशी कातकऱ्यांचाही जुना संबंध आहे. खैराच्या लाकडापासून ते कात काढत. हा कात विड्यात जाई, तसाच सुती कापडाला आणि मासेमारीच्या जाळ्यांना तपकिरी रंग देण्यासाठीही वापरला जाई. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी खैरावर सरकारी हक्क बसवला आणि तो धंदा त्यांच्या हातून गेला. हे चित्र ज्यांचं, त्या वारली आदिवासींचा मुलूख मात्र उत्तरेला आहे: डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि सीमेपलीकडचा गुजरात, दादरा-नगर हवेलीचा पट्टा. पनवेलहून वसईमार्गे डहाणूला थेट मेमू गाडी जाते, इतका तो जवळ. तरीही हे चित्र पनवेलच्या दुकानात पोचायला फार मोठा वळसा पडला, आणि त्या वळशात कापडाचंच काम करणारी एक सरकारी कचेरी आहे.

आधी भिंत पाहू. वारली घरात लग्न ठरलं की आतल्या भिंतीवर चौक लिहिला जातो. कुडाची भिंत शेणामातीनं सारवायची, वर गेरूचा हात द्यायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या कालवणात बुडवलेल्या बांबूच्या काडीनं रेघ ओढायची. हे काम सवाशिणींचं. चौकटीच्या मधोमध पालघट देवी बसते, शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. भोवती रान, प्राणी, शेतात राबणारी माणसं, तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य. लग्न लावते धवलेरी. ती बाई असते, आणि तिच्या गाण्यांशिवाय विधी पुरा होत नाही. चौक नसेल तर लग्न लागत नाही. चित्र कायम राहावं अशी अपेक्षा कधीच नव्हती. पावसाळे गेले की रेघा पुसट होत, भिंत पुन्हा सारवली जाई.

ज्या लग्नासाठी हा चौक लिहिला जाई, त्याच लग्नानं वारली पुरुषाला गुलामीत ढकललं होतं, हे या कलेबद्दल लिहिताना सहसा कुणी सांगत नाही. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत त्याच्या शेतावर राबायचं. कर्ज फिटतच नसे. बायकोही राबे, पुढे मुलंही. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. मुंबई प्रांताच्या सरकारनं नेमलेल्या डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्यानं १९३०च्या दशकाच्या अखेरीस दिलेल्या अहवालात या प्रथेची स्पष्ट नोंद आहे. अहवालानं परिस्थिती बदलली नाही. ती बदलली वारल्यांनी स्वतः. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवलं की यापुढे कुणाकडे वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचं नाही. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार त्यात गेले. गोदावरीबाईंनी हे सारं पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं. योगायोग असा की के. जे. सावे यांचा 'द वारलीज' हा या जमातीवरचा पहिला मोठा अभ्यासही १९४५ मध्येच मुंबईत छापला गेला. म्हणजे वारली माणूस पुस्तकात आणि पोलिसांच्या नोंदीत एकाच वर्षी ठळक झाला. त्याचं चित्र मात्र बाहेरच्या जगात पोचायला आणखी पंचवीसेक वर्षं लागली.

आता ती कचेरी. स्वातंत्र्यानंतर गिरणीच्या कापडापुढे हातमाग मागे पडत होता. १९५२ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ आलं आणि पन्नासच्या दशकातच विणकरांसाठी सेवा केंद्रं सुरू झाली. मुंबईचं विणकर सेवा केंद्र त्यांतलं महत्त्वाचं. या कामामागे पुपुल जयकर होत्या. त्यांनी एक धाडसी गोष्ट केली: विणकर, रंगारी आणि छापेकरी यांच्या शेजारी चित्रकारांना पगारी नोकरीवर बसवलं. के. जी. सुब्रमण्यन तिथे काही काळ होते. प्रभाकर बरवे तिथे बरीच वर्षं होते. बरवे आपल्या रायगडातलेच, नागावचे. पुढे 'कोरा कॅनव्हास' लिहिणाऱ्या या चित्रकाराची पोटापाण्याची नोकरी कापडाच्या नक्षीची होती, हे मला या साऱ्या इतिहासातलं फार मोलाचं वाटतं. चित्र आणि कापड हे दोन वेगळे वर्ण नाहीत अशी समज त्या कचेरीत रुजली होती.

तिथेच भास्कर कुलकर्णी नोकरीला होते. १९६६-६७ मध्ये बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. मधुबनी भागातल्या बायका घराच्या भिंतींवर जी चित्रं काढत, ती कागदावर काढून घेता आली तर त्यांच्या हाती चार पैसे येतील, असं पुपुल जयकरांनी योजलं आणि कागद देऊन कुलकर्णींना तिकडे पाठवलं. ते वाड्यावाड्यांतून फिरले, बायकांना कागद दिला आणि चित्रांचे पैसे मिळतील असं पटवलं. सीता देवी, जगदंबा देवी, महासुंदरी देवी ही नावं त्या कागदामुळे देशाला कळली. जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी डहाणूच्या बाजूला आले. बिहारमधली युक्ती त्यांनी इथेही वापरली: गेरूनं रंगवलेला कागद आणि पांढरा रंग. बायकांनी चित्रं काढली, पण चौक हा विधी होता. तो भिंतीवरून उचलून कागदावर मांडायचा म्हणजे काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. या पेचातून वाट काढली एका पुरुषानं. गंजाडच्या कळंबीपाड्यात राहणारे जिव्या सोमा मशे. लहानपणी आई गेल्यावर बराच काळ ते बोलत नव्हते, धुळीत रेघा ओढून मनातलं सांगत, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. त्यांना लग्नाची वाट पाहायची गरज नव्हती. ते रोज चित्र काढत. पालघट बाजूला ठेवून त्यांनी कोळ्याचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, भाताची मळणी, पाऊस, गोष्टी आणि गोल गोल फिरत जाणारा तारपा नाच कागदावर आणला. तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ न करता नाचत राहायचं, हा रिवाज त्यांच्या रेघेत उतरला. बाहेर सुटणारं ते वेटोळं आज जगभर वारली चित्राची खूण मानलं जातं.

१९७५ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डनं मशेंची चित्रं मांडली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आला. १९८८ मध्ये यशोधरा डालमियांचं वारली चित्रांवरचं पुस्तक ललित कला अकादमीनं काढलं. १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातल्या 'पृथ्वीचे जादूगार' या नावानं गाजलेल्या प्रदर्शनात मशेंची चित्रं लागली. त्या प्रदर्शनाची भूमिका अशी की जगातल्या कोणत्याही कोपऱ्यातला कलावंत असो, त्याचं नाव लिहायचं. 'आदिवासी शैली' असा ढोबळ शिक्का चालणार नव्हता. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी मशे गेले.

कागदानं वारली चित्राला असं नाव दिलं. बायकांच्या हातची सामूहिक रेघ पुरुष चित्रकारांच्या सहीखाली आली, हा त्याचा दुसरा परिणाम. चौक अजून बायकाच लिहितात. प्रदर्शनांत आणि विक्रीत मात्र पुरुष पुढे आले. ही किंमत लहान नव्हती. तरीही निदान कुणाच्या तरी हाताला नाव मिळालं होतं. कापडावर गेल्यावर तेही उरलं नाही.

हे चित्र कापडावर इतकं पटकन का पसरलं, याचं उत्तर छापखान्यात मिळतं. फुलापानांची पाच रंगांची नक्षी छापायची तर पाच स्क्रीन लागतात, आणि प्रत्येक रंग आपल्या जागी नेमका बसावा लागतो. एखादा स्क्रीन केसभर सरकला तरी माल खराब होतो. वारलीला एक रंग, एक स्क्रीन. गडद रंगवलेल्या कापडावर जाड पांढरा रंग चढवायचा, किंवा रंगवलेल्या कापडातून नक्षीपुरता रंग काढून टाकायचा, ज्याला धंद्यात डिस्चार्ज म्हणतात. छटा नाही, सावली नाही, चेहऱ्याचे भाव नाहीत. त्रिकोण थोडा फिस्कटला तरी माणूस माणूसच दिसतो. वर ही नक्षी काढून घ्यायला चित्रकार लागत नाही; कुठल्याही पुस्तकातून, भेटकार्डावरून ती उचलता येते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर विणलेलं कोरं कापड आणि गुजरात-राजस्थानातले मोठे छपाई कारखाने असा हा धंदा. या सगळ्या साखळीत डहाणूच्या माणसाला हात लावायची जागाच उरत नाही.

कापडावर गेलेल्या चित्राचं काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. चौकाला केंद्र असतं. पालघट मध्ये बसते म्हणून बाकीचं जग तिच्याभोवती जागा घेतं. ताग्याला केंद्र नसतं. स्क्रीन जेवढा रुंद तेवढी नक्षी, मग तीच पुन्हा, मग पुन्हा. शिंपी कापतो तेव्हा तारप्याचं वेटोळं कुठे शिवणीत जातं, कुठे बगलेत. म्हणून ताग्यावर पालघट फारशी दिसत नाही आणि नाचणारी जोडपी भरपूर दिसतात. देवी गिऱ्हाइकाला ओळखू येत नाही, नाच येतो.

यावरून कापडावर वारली चित्र असूच नये, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. मशे स्वतः शेणानं सारवलेल्या कापडावर चित्रं काढत. आज कितीतरी वारली तरुण-तरुणी साड्या, दुपट्टे आणि कुर्त्यांवर हातानं रंगवतात. कापड ही वाट वाईट नाही. विणकर सेवा केंद्रातून सुरू झालेल्या या प्रवासाची ती रास्त पुढची पायरी आहे. तक्रार एवढीच की हातानं रंगवलेल्या दुपट्ट्याला कित्येक तास लागतात, त्याच चित्राचा छापील तागा काही मिनिटांत मीटरच्या मीटर निघतो, आणि त्या ताग्यातला एक पैसाही ज्यांच्या भिंतीवरून चित्र आलं त्यांच्याकडे जात नाही.

कायद्यानं काही केलं का? डहाणू तालुक्यातल्या आदिवासी युवा सेवा संघाच्या अर्जावर २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. हा मोठा विजय होता आणि तो आदिवासी तरुणांनी स्वतः मिळवला. पण निर्देशांक मुख्यतः नावाचं रक्षण करतो. 'वारली' हे नाव न घेता, 'ट्रायबल प्रिंट' म्हणून तीच रेघ छापणाऱ्याला अडवणं त्यातून कठीण. कॉपीराइट कायदा एका माणसाच्या एका चित्राला सांभाळतो. शेकडो वर्षं सगळ्यांची असलेली पालघट त्यात कुठेच बसत नाही. आणि १९५७ च्या त्या कायद्याचं कलम १५ तर कापडवाल्यांच्या सोयीचंच ठरतं. डिझाइन कायद्याखाली नोंदवण्याजोगी नक्षी नोंदवली नाही, आणि मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं ती कारखान्यात पन्नासहून अधिक वस्तूंवर उतरवली गेली, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. वारली चित्रकारानं विश्वासानं आपली नवी नक्षी छापायला दिली आणि नोंदणीबद्दल त्याला कुणी काही सांगितलं नाही, तर काही मीटर कापडातच त्याचा हक्क संपू शकतो.

हाच प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांनी कापडाच्याच निमित्तानं न्यायालयात नेला. उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमध्ये मानिंग्रिडा ही वसाहत आहे. तिथल्या कला केंद्रासाठी गानलबिंगू समाजाचे जॉनी बुलुन बुलुन यांनी १९७८ मध्ये झाडाच्या सालीवर एक चित्र काढलं: पाणवठ्यावरचे मॅगपाय हंस आणि कमळं. तो पाणवठा त्यांच्या समाजाचं पवित्र ठिकाण; तो चितारण्याआधी वडीलधाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, आणि ती त्यांनी घेतली होती. पुढे एका कापड कंपनीनं या चित्राशी मिळतीजुळती नक्षी छापलेलं ड्रेसचं कापड देशात आणलं. सुमारे ७,६०० मीटर कापड आलं होतं आणि त्यातलं निम्म्याहून अधिक विकलंही गेलं होतं. बुलुन बुलुन यांनी दावा लावला तो स्वतःपुरता नव्हता. त्यांच्या समाजाच्या वतीनं जॉर्ज मिलपुर्रुरूही उभे राहिले. कंपनीनं चित्रकाराचा कॉपीराइट मोडल्याचं कबूल केलं. १९९८ मध्ये संघीय न्यायालयानं समाजाला कॉपीराइटचा सहमालक मानलं नाही, पण एक नवी गोष्ट सांगितली: अशा चित्राचा चित्रकार आपल्या समाजाशी विश्वासाच्या कर्तव्यानं बांधलेला असतो, आणि चित्राची नक्कल झाली तर समाजासाठी पाऊल उचलणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पवित्र भिंत आणि बाजारातला तागा यांच्यामधलं नातं एखाद्या न्यायालयानं इतक्या गांभीर्यानं क्वचितच तपासलं असेल.

न्यायालयाच्या खूप आधीपासून तिथे दुसरी वाटही सुरू झाली होती. टिवी लोकांच्या बाथर्स्ट बेटावर १९६९ मध्ये टिवी डिझाइन्स ही संस्था उभी राहिली. टिवी तरुणांनी लाकडी ठशांपासून सुरुवात केली आणि पुढे स्क्रीननं सुती कापड छापलं. छपाई त्यांच्याच बेटावर, त्यांच्याच हातानं. मानिंग्रिडातल्या बाब्बारा महिला केंद्राची सुरुवात १९८३ मध्ये बायकांच्या आसऱ्यासाठी झाली. आज तिथल्या बायका लिनोच्या ठशांनी आपली नक्षी कापडावर उतरवतात. अलीकडच्या काळात या बायकांनी बेंगळुरूच्या तरंगिणी स्टुडिओतल्या ठसाकारांबरोबर भारतात लाकडी ठशांनी कापड छापलं, आणि ते नक्षी काढणाऱ्यांच्या नावानिशी मांडलं गेलं. आदिवासी बाईचं चित्र, भारतीय ठसा, सुती कापड आणि तरी नाव शाबूत: हे आपल्याच देशात, आपल्याच कारागिरांच्या हातानं होऊन गेलं आहे. ऑस्ट्रेलियात परवान्यानं छापलेल्या कापडाच्या काठावर आज अनेकदा चित्रकाराचं आणि नक्षीचं नाव असतं. शिवताना काठ कापला जातो हे खरं, पण कापड घेणाऱ्या बाईनं तो वाचलेला असतो.

ताग्याच्या काठावर गिरणीचं नाव छापायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. तिथेच आणखी एक नाव छापायला खर्च जवळजवळ येत नाही. अडचण आहे ती नाव देण्याच्या तयारीची, आणि त्याआधी पैसे देण्याच्या.

म्हणून काही मागण्या स्पष्ट कराव्या लागतील. वारली चित्रकारांच्या कापडासाठीच्या नव्या नक्ष्यांची डिझाइन कायद्याखाली नोंदणी करून देणारा कक्ष आदिवासी विकास विभागानं डहाणूत सुरू करावा आणि नोंदणीची फी शासनानं भरावी. नोंदणीचं संरक्षण दहा वर्षांचं, वाढवून पंधरा वर्षांपर्यंत जातं. तेवढ्या काळात मीटरमागे ठरलेला मोबदला चित्रकाराच्या खात्यात जमा होऊ शकतो. सरकारी खरेदीत वारली नक्षीचं कापड घेताना ते वारली चित्रकाराच्या नावानिशी असलेलंच घ्यावं. आणि विणकर सेवा केंद्रांनी आपला जुना वारसा आठवून डहाणू-जव्हारच्या बायकांना नोकरीवर घ्यावं, पन्नासच्या दशकात चित्रकारांना घेतलं होतं तसं. चौक लिहिणाऱ्या हातांना ताग्याची रचना शिकवण्याइतकं योग्य काम त्या केंद्रांपुढे दुसरं नाही.

वाचकांसाठी एकच विनंती. वारली नक्षीचं कापड घेताना चित्र कुणाचं, हे दुकानदाराला विचारा. त्याला ठाऊक नसेल तर त्याला घाऊक व्यापाऱ्याकडे विचारायला सांगा, आणि जमेल तेव्हा वारली चित्रकाराच्या हातचा, नाव असलेला एक तरी दुपट्टा थेट त्याच्याकडून किंवा तिच्याकडून विकत घ्या.